हळदीचा गुण

माझ्या वडिलांना, आप्पांना, लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि आमच्या सोनपेठच्या घरी वैद्यांची जत्रा भरली. लकव्याच्या माणसाला भेटायला आमच्याकडे कुणी रिकाम्या हाती येत नाही. कुणी ब्राह्मीचा पाला आणला, कुणी लसणाचं तेल. एक मावशी तर पिशवीत जिवंत कबुतर घेऊन आल्या. "याचं रगत चोळा, हात उठतोय का न्हाई बघा!" कबुतर सुटून पंख्यावर बसलं. भर उकाड्यात तासभर पंखा बंद.

मी पोट धरून हसले. मी पडले शिकलेली! परभणीला प्रयोगशाळेत हळदीतल्या एका घटकावर काम करते. उंदराच्या मेंदूचं रक्त थोडा वेळ अडवायचं, मग तो घटक टोचायचा आणि किती मेंदू वाचला ते बघायचं. मीच एकदा तोऱ्यात सांगून बसले होते, "आप्पा, हळदीनं उंदरांचा मेंदू लय वाचायलाय!" झालं. आप्पा दोन्ही वेळा हळदीचं दूध प्यायला लागले. येईल त्याला अडखळत सांगायचे, "लेकीचं... औषध हाय." मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका रविवारी आईनं त्यांची बंडी भिजवली आणि खिशातून गोळ्यांचा लगदा निघाला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या! त्या चुकल्या तर दुसरा झटका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, जीव नकोसा झालाय का तुमाला? उंदराला आमी अर्क टोचतो, दूध न्हाई पाजत! आणि मेंदू बघायला शेवटी त्याला मारतोच. माणसाला लागू पडतं का, ते अजून कुणालाच ठाऊक न्हाई!" बोलता बोलता मला रडूच फुटलं. कबुतरवाल्या मावशी परवडल्या, मीच खरी भोंदू निघाले.

आप्पा म्हणजे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "दोन्ही घेतलं... आन् बरा झालो... तर गुण कुणाचा... कसं कळंल? तुझा... कोण मानंल?"

मी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि ती गिळेपर्यंत त्यांचा हात धरून बसले.