बहिणीची बातमी

ऑकलंडमधल्या आमच्या मराठी मंडळाचं एक मासिक निघतं. कागदावर नाही, फोनवर येतं. त्यात मी जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेबद्दल लिहीत होते. तिकडची ताजी बातमी घ्यायची आणि तिला तिथल्याच इतिहासातली एखादी घटना जोडायची, असं ते सदर होतं. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. ईस्ट टामाकीत खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंगचं काम करते. कुठल्या मशीनवर कुठलं खोकं कधी निघेल, हे मी ठरवते. इतिहास लायब्ररीतून आणून वाचलेला.

न्यूझीलंडमध्ये राहून अमेरिकेवरच का लिहितेस, असं मला कुणी विचारलं की मी म्हणायचे, जगाचं लक्ष तिकडेच असतं. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. लग्नानंतर आम्हा दोघांना अमेरिकेलाच जायचं होतं. व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला नाही, मग इकडे आलो. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नंबर पहिल्याच फटक्यात लागला. पुण्यात कुठल्याही लग्नकार्यात नातेवाईक आधी तिची चौकशी करायचे, आणि मग मला विचारायचे, "तू ऑस्ट्रेलियात असतेस ना?" अमेरिकेवर लिहायला लागल्यापासून तेच लोक माझे लेख एकमेकांना पाठवू लागले. मला ते आवडत होतं.

बहीण टेक्सासमध्ये राहते. माझी जेवणाची सुट्टी झाली की तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून ती बाहेर गाडीत बसायची आणि मला फोन करायची. मीही डबा घेऊन कारखान्याच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीत बसायचे. दोघी आपापल्या गाडीत, अर्धा तास. तिच्या बोलण्यातून मला बातम्यांच्या पलीकडचं कळायचं. दुकानात लोक काय बोलतात, शाळेतल्या आया कशाला घाबरतात, कुणी परत येताना विमानतळावर अडकू या धास्तीनं भारताचं तिकीट रद्द केलं. मी ऐकत ऐकत खाकऱ्याच्या डब्यावर ठेवलेल्या वहीत शब्द टिपून घ्यायचे. ती वही तिला दिसत नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या कंपनीनं एका सकाळी सगळा विभागच बंद केला. त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. घर, मुलीची शाळा, बारा वर्षांचा संसार, सगळं त्या साठ दिवसांवर आलं. ती मला म्हणाली, "आईला सांगू नकोस ताई. बाबा गेल्यापासून तिला झोप येत नाही. नोकरी लागली की मीच सांगेन."

मी सांगितलं नाही. ते वचन मी अक्षरशः पाळलं.

त्या दिवसांत ती रोज फोन करायची. नवरा रोज सकाळी ऑफिसचे कपडे घालून निघतो, लायब्ररीत बसून अर्ज करतो, मुलीला कळू नये म्हणून नेहमीच्या वेळेला घरी येतो, हे तिनं मला सांगितलं. घरातलं सामान हळूहळू कमी करायला घेतलंय, हेही सांगितलं. आधी सोफा, मग जेवणाचं टेबल. एक दिवस म्हणाली, "पेटी गेली गं."

पेटी म्हणजे आमच्या आईची हार्मोनियम. आईनं ती बहिणीला लग्नात दिली होती. सामानात टाकली तर मोडेल म्हणून बहिणीनं ती विमानात पायाशी घेऊन नेली, अठरा तास पाय आखडून.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला वर्ष लागलं. तिच्या तोंडून "पेटी गेली" हे शब्द ऐकले, तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी आनंद झाला. तेव्हा मी एक लेख लिहीत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. घर आवरायला त्यांना जेमतेम काही दिवस मिळाले. हातात मावेल तेवढंच न्यायचं. शेजारीपाजारी दारात येऊन त्यांचे पियानो मातीमोल भावानं घेऊन गेले. हे सगळं माझं लिहून झालं होतं. आजच्या काळाशी जोडणारा धागा तेवढा सापडत नव्हता. पियानोच्या जोडीला मला पेटी मिळाली. मी फोनवर "अरेरे" म्हणत होते आणि माझ्या हातातलं पेन चाललं होतं.

लेख मी दोन दिवसांत पुरा केला. त्यात बहिणीचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं. टेक्सासच्या जागी मी दुसरंच राज्य घातलं. मुलीचा मुलगा केला. पण लायब्ररीत जाऊन बसणारा नवरा तसाच ठेवला, आणि विमानात पायाशी ठेवून नेलेली पेटी शेवटी विकून टाकणारी बाई तशीच ठेवली. तेच तर लेखाचं बळ होतं.

माझा नवरा माझा प्रत्येक लेख आधी वाचतो. वाचून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "तिला विचारलंस का?"

मी म्हणाले, "नाव कुठे घातलंय?"

त्यानं फोन माझ्या हातात परत दिला. त्यानं आणखी काही विचारू नये, असंच मला वाटत होतं. दर महिन्याला लेख छापून आला की मी तो सगळ्यात आधी आईला पाठवायचे. हा पाठवला नाही. म्हणजे मी काय करतेय ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं आज म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

लेख खूप वाचला गेला. पापाकुऱ्याला राहणाऱ्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की त्यांनी तो चहा करता करता वाचला आणि चहा उतू गेला. मंडळाच्या कार्यक्रमात लोक येऊन हात हातात घेत होते. एकानं विचारलं, ही बाई खरी आहे का? मी म्हणाले, अशा कितीतरी आहेत. उत्तर मला स्वतःलाच आवडलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, मी बॉटनीच्या मॉलमध्ये मुलीसाठी टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेत होते. आईचा फोन आला. तिकडे सकाळ असणार. आई नेहमी आधी जेवलीस का विचारते. त्या दिवशी तिनं विचारलं, "तिची पेटी कधी गेली?"

मी कपड्यांच्या रांगेत तशीच उभी राहिले. आई सांगत होती. तिच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं तो लेख पाठवला होता. फिरत फिरत त्याच्याखालचं माझं नाव गळून पडलं होतं. मैत्रिणीनं वर लिहिलं होतं, वाच, डोळ्यांत पाणी येईल. आईला त्यात आपल्या दोन्ही मुली सापडल्या. जिची पेटी होती ती, आणि जिनं ते लिहिलं ती.

"एकीनं मला सांगितलं नाही," आई म्हणाली, "आणि दुसरीनं सगळ्या जगाला सांगितलं."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बाजू मांडली असती. माझी मुलगी बाजूला उभी राहून विचारत होती, "इज आजी ओके?" मी मान हलवली. टॉग्ज तिथेच ठेवून आम्ही घरी आलो.

त्याच दिवशी आईनं बहिणीला फोन केला. आणि आईपाशी पोचलेला लेख तिच्या सासरी पोचायला फार दिवस लागले नाहीत. सासऱ्यांनी मुलाला फोन करून विचारलं, तू रोज कपडे घालून लायब्ररीत जातोस का? नोकरी गेल्याचं त्याला जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या प्रश्नानं लागलं. हे मला खूप नंतर आईकडून कळलं. तेव्हा मला फक्त बहिणीचा एक मेसेज आला होता, "ताई, लेख छान झालाय."

मी लगेच फोन केला, तिनं उचलला नाही. चार दिवस उचलला नाही. मी लांबलचक मेसेज लिहिले. त्यात मी माफी मागत होते आणि मधेच समजावतही होते की अशा गोष्टी लोकांपर्यंत पोचायला हव्यात, इतिहासात तेव्हा कुणी बोललं असतं तर वगैरे. आज ते मेसेज वाचवत नाहीत.

पाचव्या दिवशी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, तिनं फोन घेतला. आवाज शांत होता. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "रडू नकोस. मला आता क्लासमधून हिला घ्यायचंय, पाच मिनिटं आहेत." मग म्हणाली, "मी तुला सांगत होते ताई. लोकांना नाही."

मी म्हटलं, चुकलं माझं.

"आणि पेटी मी विकली नव्हती. समोरच्या घरातल्या मुलीला दिली. मी तिला शिकवत होते. तुला मी कधी म्हणाले विकली म्हणून?"

ती म्हणाली नव्हती. "गेली" म्हणाली होती. वहीतही मी "पेटी गेली" असंच टिपलं होतं, नंतर मी काढून पाहिलं. लेखात त्याचं "विकली" झालं, पियानोच्या शेजारी बसावं म्हणून. कशी गेली, कुणाकडे गेली, हे मी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्या मुलीबद्दल तिनं मला सांगितलं असतं. तिला ते सांगायचं असणार.

साठ दिवस संपायला आठवडा उरला असताना तिच्या नवऱ्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. ही बातमी मला आईनं दिली. बहीण घर बदलण्याच्या गडबडीत होती, असं आई म्हणाली. असेलही.

सदर मी बंद केलं. मंडळाला कारखान्यात काम वाढल्याचं कळवलं. भाजी घेताना अजूनही कुणीतरी विचारतं, आता अमेरिकेवर लिहीत नाही का, लिहायला तर हीप्स, ढीगभर आहे. मी हसते. बातम्या मी अजून पाहते. तिकडच्या एखाद्या नव्या नियमाची बातमी आली की मी पहिला विचार बहिणीचा करते, असं मला म्हणायचं आहे. पण त्याच्याही आधी क्षणभर, याला इतिहासातलं काय जोडता येईल, हेच मनात येतं. ती सवय गेलेली नाही.

आमचं बोलणं आता महिन्यातून एकदा होतं. ती तिकडच्या थंडीबद्दल बोलते, मुलीच्या शाळेबद्दल बोलते. एकदा मी न राहवून विचारलं, तिकडे एकूण कसं चाललंय? ती म्हणाली, "तू बातम्यांत बघतेसच की."

या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली आहे. सकाळी चहा झाला की ती माझे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात सरकवून मागच्या डेकवर जाऊन बसते, आणि बहिणीचा फोन येतो. दोघी खूप वेळ बोलतात. आईचं हसणं स्वयंपाकघरात ऐकू येतं, शब्द ऐकू येत नाहीत. काल मी तिला औषधाची गोळी द्यायला पाण्याचा पेला घेऊन बाहेर गेले. दार सरकवल्याचा आवाज झाला तशी आई फोनमध्ये म्हणाली, "बरं, ठेवते गं. ही आली."

मी पेला तिच्या हातात दिला. तिनं गोळी घेतली, आणि आज ऊन चांगलं पडलंय, पापड घालायचे का, असं विचारलं. मी म्हटलं, घालू या.