फिक्या फ्लॉक्सचं बी

फुलबाग म्हणजे नुसती रोपं जगवणं नव्हे, ती चित्रासारखी रचायची असते, हे मला शेजारच्या ताईंनीच शिकवलं. म्हणून तर राग जास्त. पुंडलिकनगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. हळदीकुंकवात आलेले ब्लाऊजपीस ताई फरशीवर मांडायच्या नि म्हणायच्या, "भडक्याशेजारी भडक नको गं. मधी फिकं पाहिजे, डोळ्याला बसायला जागा." त्या एका वाक्यापायी मी चार वर्षं घातली. दर फाल्गुनात फ्लॉक्सच्या सगळ्यात फिक्या फुलांना दोरा बांधून ठेवायचा, त्यांचंच बी धरायचं. होता होता पिकल्या पेरूच्या गरासारखा रंग हाती आला.

यंदा वसंतातल्या बागस्पर्धेसाठी त्यांच्या अंगणात आम्ही दोघींनी मिळून वाफा केला. कडेनं त्यांचे लाल-जांभळे पिटुनिया, मधोमध माझा फ्लॉक्स. तो रंग ताईंनी अजून पाहिलेला नव्हता; होतं नव्हतं तेवढं सगळं बी मी तिथंच पेरलं. नळाला आठवड्यानं पाणी, म्हणून भाज्या धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन घातलं. पण थंडी लांबली आणि कळ्या अडून बसल्या.

परीक्षक यायच्या सकाळी जाऊन बघते तर मधोमध पिवळाधमक झेंडू! माती चाचपली, तर बोटाला प्लास्टिकच्या कुंडीची कड लागली. नर्सरीतल्या फुललेल्या कुंड्या आणून तशाच पुरल्या होत्या.

"ताई, माझी रोपं कुठंयत?"

"अगं, लई रिकामं दिसत होतं. काल काढली. नंबर आला तर दोघींचाच की."

नंबर आला, पहिला. मीही त्यांच्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! परीक्षकांना काय, त्यांना झेंडू दिसला. पण मला रंग बघायला शिकवणाऱ्या बाईनंच ती रोपं उपटावीत, हा विश्वासघात मला अजून पचलेला नाही.

रोपं त्यांच्या पालापाचोळ्याच्या ढिगात सापडली, जगण्यातली नव्हती. कळ्यांचे शेंडे तेवढे खुडून पेल्यात ठेवले. तीन-चार दिवसांनी कळ्या उमलल्या. नेमक्या तेव्हाच ताई बक्षिसाचे पेढे घेऊन आल्या आणि पेल्यापाशी थबकल्या.

"बाई बाई, काय रंग आहे! कुठून आणलीस गं? मलाही थोडं बी दे ना."

"संपलं ताई," मी म्हणाले. "सगळं तुमच्याच वाफ्यात पेरलं होतं."