पहिलं माप

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला रस्त्याकडेला एक बाई नागली विकायला बसते. पायलीने मापते, पण पायलीवरचा ढीग हाताने कधी सपाट करत नाही.

माझं काम वेबसाइट बनवण्याचं. पडद्यावर 'एक पिशवी', 'दोन पिशव्या' असं प्रत्येक भाषेत बरोबर उमटायला हवं. एकाचा नियम वेगळा, अनेकांचा वेगळा, अरबीत तर दोनाचाही वेगळा. हे नियम मला पाठ आहेत, आणि त्याची जरा घमेंडही होती.

त्या दिवशी तिच्यासमोर उभा राहून मी मोबाइलवर तेच काम तपासत होतो. पाच पायल्या सांगितल्या होत्या. कानावर येत होतं, "लाभ... दोन... तीन..." पाचावर ती थांबली तसा मी चार माणसांदेखत बोललो, "मावशी, दोनापासून मोजलंत. एक पायली कमी आहे."

"माझाच चुकला आसंल, दादा," म्हणत तिने पिशवी पाटीत रिकामी केली आणि पुन्हा मापायला घेतलं. आता मी बघत होतो. पहिली पायली पिशवीत ओतून तिने हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "लाभ." मग दोन. पहिल्या मापाला ती एक म्हणतच नव्हती.

एकाला वेगळं वागवायचं, हेच तर मी दिवसभर करतो. आणि मी मुरबाडातच वाढलेला! मान वर होईना.

पाच झाल्यावर तिने वर एक ओंजळ घातली.

"आता बरोबर हाय ना, दादा?" तिने विचारलं, खरंच काळजीने.