चवीपुरता गूळ

ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या भाचीला मी गूळ चारला. परवा दुकानात ढेप फोडताना त्या वासानं बीडचा तो दवाखाना आठवला. टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या धास्तीनं पोरगी पलंगाचा दांडा सोडेना, म्हणून बहिणीसाठी आणलेला गूळ मांडून मी दुकान-दुकान सुरू केलं. रडणं थांबलं. "आधी चव दावा," गिऱ्हाईक झालेली भाची ऐटीत म्हणाली, आणि दुकानदारीच्या सवयीनं मी खडा मोडून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो लगेच तोंडात टाकला. भुलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन संध्याकाळवर ढकललं. तोवर पोरीला कसं रमवायचं, या घोरात मी पलंगाभोवती येरझाऱ्या घालू लागलो. भाची मात्र निवांत म्हणाली, "मामा, गूळ खारट हाय तुमचा. दुसरा दावा."