खाडीच्या वळणावरची घंटी

खाडीचं वळण आलं की तो दोरी एकदाच ओढायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गाडी थांबली की तो खिडकीशी वाकायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बघून घ्या हो. त्याला तिकीट नाय."

आमची महाडहून सुटणारी वस्तीची गाडी समुद्राकाठच्या एका गावात रात्रीच्या मुक्कामाला असायची आणि सकाळी पहिल्या फेरीने परत यायची. मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. तो नाते गावचा, मी पोलादपूरकडचा. दोघेही भातशेतीवाल्या घरांतले. आमच्याकडे समुद्र म्हणजे बाजारातली सुकी मासळी, एवढीच ओळख. त्याला मात्र त्या पाण्याने वेड लावलं होतं.

थंडीच्या दिवसांत मी गाडीत पांघरूण ओढून पडलेला असायचो आणि हा उजाडता उजाडता किनाऱ्यावर जाऊन यायचा. चपलांतली वाळू पायरीवर झटकत बातमी द्यायचा, "कुरव पक्षी उतरलेत, डायवर. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. आपली माणसं तरी अशी रांगेत बसतात का रे?"

हवेचा अंदाजही सांगायचा. उत्तरेचा वारा हाय, धुकं लवकर फाटंल, वगैरे. निम्म्या वेळा चुकायचा. चुकला की म्हणायचा, "वारा फिरला, त्याला मी काय करू?" बाकीच्या पक्ष्यांची नावं त्याला येत नव्हती, म्हणून त्याने स्वतःच ठेवली होती. लांब चोचीने चिखल उकरत फिरणाऱ्या एकाचं नाव तलाठी, कारण तो जमिनीचा तुकडा तपासल्याशिवाय पुढे सरकत नसे. खांबावर छाती काढून बसणारा समुद्रगरुड म्हणजे फौजदार.

एक मासळीवाली मावशी त्याला रोज छेडायची, "मास्तर, ते पक्षी तुमचे जावई लागतात का?"

"जावई असते तर तोंड लपवून गेलो असतो, मावशी. मानपान कोण करणार?"

सगळी गाडी हसायची. सुरुवातीला मी कुरकुरत ब्रेक लावायचो. पुढे घंटी व्हायच्या आधीच माझी नजर पाण्याकडे जायला लागली.

एक गोष्ट त्याला कधी दिसली नव्हती. पाणमांजर. चिखलात पावलं दिसायची, खडकावर माशाचे खवले दिसायचे, प्राणी नाही. "एकदा दिसाय पायजे रे," तो म्हणायचा. "पावलं बघून काय पोट भरतंय?"

त्या सकाळी धुकं दाट होतं आणि गाडीला आधीच उशीर झाला होता. गाडीत एक गृहस्थ होते, त्यांची महाडच्या कोर्टात तारीख होती. त्याने त्यांना शब्द दिला आणि मला पुढे येऊन बजावलं, "आज थांबायचं नाय. यांना वेळेत सोडायचं हाय." मग तो मागे तिकिटं फाडायला गेला.

वळणावर धुक्यात एक फट पडली आणि चिखलाच्या काठावर मला ती दिसली. दोन मोठी, एक पिल्लू. मी गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं. घंटी झाली नव्हती. किती वेळ बघत बसलो, मला सांगता येणार नाही. मागून लोक ओरडायला लागले. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला तेव्हा धुकं पुन्हा मिटलं होतं.

"काय होतं रे?" त्याने विचारलं. तारीखवाले गृहस्थ माझ्या डोक्यावर उभे राहून बोलत होते. तो म्हणाला, "मागनं सांग. चल आधी."

त्या गृहस्थांची तारीख चुकली. ते तडक डेपोत आले. साहेबांनी दोघांना बोलावून विचारलं, "गाडी कोणी थांबवली?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी घंटी दिली, साहेब. खोड हाय माझी."

मी तोंड उघडायच्या आत, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं तर मला बोलायला भरपूर वेळ होता. घाटात गाडी घासल्याचा माझ्यावर आधीच एक शेरा होता, दुसरा पडला असता तर नोकरी अवघड होती. हे त्याला माहीत होतं. त्याची ड्युटी बदलली. पोलादपूरच्या डोंगरातल्या फेऱ्या त्याला मिळाल्या, आणि निवृत्त होईपर्यंत खाडीकडची गाडी पुन्हा मिळाली नाही.

लाजेने मी त्याला टाळत राहिलो. त्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर सांगायचा, शेवटच्या वाडीवर गाडी उभी राहिली की हा उंचवट्यावर जाऊन पश्चिमेकडे बघत राहतो. तिकडे डोंगरामागे डोंगर, दुसरं काही नाही. काय बघतोस विचारलं तर म्हणायचा, "गारठा पडलाय. तिकडं उतरले असतील."

डेपोबाहेरच्या टपरीवर अजून सांगतात, कंडक्टरच्या पक्ष्यांपायी एकाची तारीख बुडाली. ते ऐकत मीही तिथे चहा प्यायलोय. म्हणून तुम्हाला सांगतो, त्या दिवशी घंटी झाली नव्हती. गाडी मी थांबवली.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. थंडी पडल्यावर मी नाते गावी त्याच्या घरी गेलो. वहिनी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला, भावोजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

"रागावला होता?"

"राग कसला? शेवटपर्यंत म्हणायचे, डायवर उगाच ब्रेक मारणारा माणूस नाय. काय बघितलं त्यानं, तेवढं इचारायचं राहिलं."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"सांगा आता. मला नको, त्यांना सांगाल तसं सांगा."

मी अंगणाकडे वळलो. मग म्हणालो, "अरे, तीन होती. पिल्लाला मासा धरता येत नव्हता, सारखा निसटत होता. आई चिखलातून उचलून पुन्हा त्याच्यापुढे टाकत होती…"