चिपवाली पिकअप आणि औंधचा चढ

रविवारी औंधला यमाईच्या डोंगरावर जाताना आमची जुनी पिकअप वळणावरच बसली. बंद नाही पडली... पण पुढेही जाईना. मागच्या हौद्यात जाऊबाई, पोरं आणि नैवेद्याचे डबे, आणि त्यामागे काळा धूर.

थोडं आधीचं सांगते. आमचं गाव माण तालुक्यात. नवरा सैन्यात, त्यामुळे घरी कमी आणि फोनवर जास्त. बाजरी, मटकी, हुलगा भरून मी दहिवडी, म्हसवड, औंध असे आठवडी बाजार करते, आणि गाडी स्वतः चालवते. गाडी सासऱ्यांनी घेतलेली. ते गेले, तेव्हापासून मीच तिला सांभाळते.

दिवाळीनंतर बहिणीच्या बाळंतपणासाठी सांगलीला गेले होते. परत येऊन बघते तर गाडीचा दमच गेलेला... रिकामी असतानाही चढावर कुंथायला लागली.

माझे दीर, म्हणजे दत्ताभाऊजी, मी सांगलीत असतानाच मुंबईहून सुट्टीवर आले होते. त्यांनी लगेच निकाल दिला. "वहिनी, गाडी म्हातारी झाली. एक तर चिप बसवू, न्हाईतर इकून टाकू." आटपाडीचं एक गिऱ्हाईकही त्यांनी परस्पर बघून ठेवलं होतं.

गाडी गेली की माझे बाजार गेले. लोकांच्या टेम्पोत पोत्यांसाठी कोपरा मागत फिरायचं, ते दिवस मी एकदा काढलेत... परत नको होते.

चिप आली. काडेपेटीएवढी डबी, तिला निळा दिवा. मी जिथे मोबाईल चार्जिंगला लावते, त्याच सॉकेटमध्ये खुपसायची. म्हणे पॉवर वाढते, ॲव्हरेज वाढतं... भाऊजींनी मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता.

मी म्हटलं, नव्या गाड्यांना कॉम्प्युटर असतो, चिप त्याला काहीतरी शिकवत असेल. आपल्या गाडीचा डिझेल पंप साधा. हिला डोकंच नाही, तर चिप शिकवणार कुणाला? त्यावर भाऊजी हसले. "वहिनी, तुमी बाजार बघा. टेक्निकल आमच्यावर सोडा."

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. घरात नवी वस्तू आली म्हणून आत्यांनी डबीला हळदकुंकू वाहिलं. झालं... आता ती काढायचीही चोरी. गाडी जास्तच धूर ओकायला लागली, तर भाऊजी म्हणाले, चिप इंजिन साफ करतीय.

शेवटी ठरलं, औंधचा डोंगर चढली तर गाडी ठेवायची, नाहीतर सोमवारी आटपाडीला. आणि घरात पुरुषमाणूस असताना बाईनं गाडी चालवायची नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. म्हणून माझ्या परीक्षेचा पेपर भाऊजी लिहायला बसले.

तर अशी ती वळणावर बसली. भाऊजी खाली उतरून चाकांकडे बघत राहिले. चाकांना काय कळणार...

शेजारी बसलेल्या आत्या हळहळल्या. "अगं, मटकीच्या मळणीला कशी गरगर फिरत हुती. आन आता काय झालं हिला?"

माझे कान टवकारले. "मळणी ट्रॅक्टरनं केली ना?"

"ट्रॅक्टर कुठला? दत्तानंच खळ्यावर फिरीवली की हिला. समदी मटकी, समदा हुलगा."

म्हणजे मी सांगलीत बाळाला अंगाई गात होते, तेव्हा ही बिचारी वाळलेल्या पिकावर गोल गोल फिरत भुसकट खात होती. मी उतरले, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत बघितलं आणि हसावं की रडावं कळेना... मटकीच्या भुशानं डबा गच्च भरलेला. एखाद्याच्या नाकात बोळे घालायचे आणि वर म्हणायचं, पळ.

डबा पुसला, फिल्टर दगडावर आपटून आपटून झाडला आणि परत बसवला. भाऊजींना म्हटलं, तुम्ही मागे पोरांना धरून बसा, मी बघते. ते हौद्यात चढले.

डबीचं काय करायचं? हळदकुंकू वाहिलेली वस्तू. "आत्या, ही आधी देवीच्या पायाला लावू, मग बसवू." आत्यांनी ती ओटीच्या पिशवीत ठेवली. रिकाम्या सॉकेटला मी माझा मोबाईल लावला.

पहिला गिअर टाकला... आणि गाडी निघाली. धूर पातळ झाला, आवाज मोकळा झाला. प्रत्येक वळणाला माझा जीव वर आणि गाडी त्याच्याही वर. थेट पार्किंगपर्यंत कुठे थांबली नाही. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

भाऊजी हौद्यातून उडी मारून उतरले. "बघितलं का? चिपला सेट व्हायला टाईम लागतो."

आत्यांनी शांतपणे पिशवीत हात घातला आणि डबी वर धरली. "ही व्हय रं?"

जाऊबाई पदर तोंडाला लावून बाजूला गेल्या. पोरांनी मात्र काही लपवलं नाही, पोट धरून हसली. भाऊजी मनाचे चांगले... तेही शेवटी हसले आणि तिथूनच आटपाडीला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणाले.

दर्शन झालं. आता नवा फिल्टर टाकलाय. जुन्या गाडीला चिप घ्यावी का, असं इनबॉक्समध्ये विचारणाऱ्यांनो, आधी बॉनेट उघडा. नव्या गाड्यांचं मला माहीत नाही, जुनीला आधी श्वास घेऊ द्या.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. खाली निघताना भाऊजी सवयीनं स्टिअरिंगकडे वळले. आत्या म्हणाल्या, "दत्ता, तू मागं बस. गाडी तिची हाय."

इतकी वर्षं चालवतेय... आमच्या घरात हे पहिल्यांदा कुणी बोललं. मी चावी फिरवली, पण समोरचा रस्ता नीट दिसायला जरा वेळ लागला.