मी ठोकून दिलेला इम्युलसचा अर्थ

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, आज माझा जळफळाट झाला.

बीडला एका क्लासमध्ये मी कित्येक वर्षं इंग्रजी शिकवतो. माझीच जुनी विद्यार्थिनी सविता आता तिथं मॅडम झालीय. पोरं तिच्याच वर्गात गर्दी करतात.

सकाळी एका मुलीनं विचारलं, "सर, इम्युलस म्हंजी कसा?" इंग्रजीतला जुना, आता कुणी वापरत नाही असा शब्द. मलाही येत नव्हता. तरी ठोकून दिलं, "गुळगुळीत."

दुपारी त्याच मुलीनं सविताच्या वर्गात तिला तेच विचारलं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो.

"मलाबी न्हाई येत. डिक्शनरीत बघू," सविता म्हणाली. तिनं वाचून दाखवलं: कुणाची तरी बरोबरी करायची जिद्द असलेला. फार जुन्या वापरात, मत्सरी.

"मॅडम, वाक्य सांगा की."

"आमच्या सरांच्या बाबतीत मी लई इम्युलस हाय. त्यांच्यासारखं शिकवायचंय मला."

मी आत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "सकाळी मी चुकीचा अर्थ सांगितला. खोडून टाका."

हेवा मात्र अजून गेलेला नाही. आपणच शिकवलेलं माणूस पुढं गेलं की तुम्हालाही असंच होतं का?